वारीत लेकरांना पाणी कुठलं द्यायचं? (सासवड ते लोणंद)

ठाण्याची_सून

राम कृष्ण हरी. यंदा आम्ही घरचे सगळे माउलींच्या पालखीबरोबर सासवडपासून लोणंदपर्यंत चालणार आहोत. सासूबाई कित्येक वर्षं एका दिंडीत जातात, त्याच दिंडीत आमची सोय झाली आहे. बरोबर सहा वर्षांचा मुलगा आणि अकरा महिन्यांची मुलगी. धाकटी बराच वेळ जाऊबाईंबरोबर दिंडीच्या ट्रकमध्ये असेल. मी तिला अंगावर पाजते, शिवाय दोन वेळा नाचणीसत्त्वाची पेज खाते.

प्रश्न पाण्याचा आहे, आणि घरात जितकी माणसं तितकी मतं. सासूबाई म्हणतात, टँकरचं पाणी फडक्याने गाळून प्यायचं, आजवर काही झालं नाही. दिरांनी टीडीएस मीटर आणलाय, दीडशेच्या आत आकडा आला की बिनधास्त प्या म्हणतात. नवऱ्याला वाटतं बाटल्यांचे खोके ट्रकमध्ये टाकावेत. मला ते पटत नाही. ट्रकमध्ये जागा नसते आणि एवढ्या रिकाम्या बाटल्या वाटेवर टाकून पुढे जायचं कसं? माझी आई म्हणते, लेकरांना नेऊच नका.

आईच्या बोलण्याला कारण आहे. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नाहून आल्यावर मुलाला जुलाब-उलट्या लागल्या आणि सलाईन लावावं लागलं. दिवसभरात पोर पार कोमेजून गेलं होतं. ते आठवलं की पोटात गोळा येतो. तरी मुलांनी वारी पाहावी, आजीबरोबर चालावं, ही इच्छाही तेवढीच खरी आहे.

विजेची किटली न्यावी का? गावात आरओचे जार मिळतात, ते चालतील का? आणि वाटेत लोक इतक्या प्रेमाने पाणी, सरबत पुढे करतात, त्यांना नाही कसं म्हणायचं? लहान मुलं घेऊन गेलेल्यांनी आणि जाणकारांनी कृपया सांगा.

दिंडीवाला_फलटण

माउली, किटली घरीच ठेवा. मुक्कामाला दिंडीचा जनरेटर दिव्यांपुरता आणि माइकपुरता चालतो, किटली लावली की सगळा तंबू अंधारात. त्यापेक्षा आचाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. आमच्याकडे पहाटे तीनच्या आसपास चुली पेटतात आणि चहाचं आधण चढतं. त्याच वेळी थर्मास घेऊन उभ्या राहिलात तर उकळतं पाणी मिळतं. लेकरासाठी म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही.

एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. ट्रक आणि चालणारी माणसं दिवसभर एकत्र नसतात. तंबू आवरले की ट्रक पुढच्या मुक्कामाला निघून जातो, गर्दीत मध्येच गाठता येत नाही. ट्रकमधलं पाणी रात्रीच हाती लागतं. म्हणून चालणाऱ्यांच्या बाटल्या अंधारातच भरलेल्या हव्यात, आणि बाळ ट्रकमध्ये असेल तर त्याचा थर्मास ट्रकमध्येच हवा, तुमच्या खांद्यावर नको. बाळ अंगावर पितं म्हणता, तर दुपारच्या विसाव्याला कुठे भेटायचं तेही जाऊबाईंशी आदल्या रात्री ठरवा. गर्दीत फोन लागेलच असं नाही.

निवृत्त_आरोग्यसहाय्यिका

ताई, मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यातून निवृत्त झाले. नोकरी पालखी मार्गावरच्या गावांत गेली, त्यामुळे आषाढ आला की आमची पाण्याची ड्युटी लागायची. जरा लांब लिहिते, तुमच्यासारख्या प्रत्येक आईला मी असंच बसवून सांगत आले आहे.

मुलांना न्या. फक्त पाण्याचं काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या. सगळ्यांनी लक्ष ठेवायचं ठरलं की कुणाचंच लक्ष राहत नाही.

तुमच्या दिरांचा मीटर क्षार मोजतो. पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून आकडा काढतो. जंतू त्याला कळतच नाहीत. गटाराचं पाणी झिरपलेल्या नळाला शंभर-सव्वाशे आकडा येऊ शकतो, आणि एखाद्या खोल बोअरचं मचूळ पाणी सातशे दाखवूनही जंतूंच्या दृष्टीने स्वच्छ असू शकतं. वारीत धोका जंतूंचा आहे, तेव्हा त्या आकड्यावर लेकरांना पाणी पाजू नका.

सासूबाईंच्या फडक्याला मात्र मी नावं ठेवणार नाही. त्यांच्या पिढीने नारू पाहिलाय. पायातून हातभर लांब जंत बाहेर येणारा तो रोग पाण्यातल्या बारीक किड्यातून, सायक्लॉप्समधून पसरायचा, आणि तो किडा फडक्यात अडकतो. लोकांनी पाणी गाळलं, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, औषध टाकलं, तेव्हा नारू गेला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. म्हणून दुहेरी पदराने गाळायची सवय सोडायची नाही. पण विषमज्वराचे, काविळीचे, जुलाबाचे जंतू फडक्याच्या विणीतून सहज पार होतात. तुरटीचंही तसंच, गाळ खाली बसतो आणि पाणी नितळ दिसतं, जंतू मरत नाहीत. गाळणं ही पहिली पायरी. त्यावर औषध हवंच.

आता मुख्य मुद्दा. इतक्या पालख्यांच्या वेळी जे पाहिलं त्यावरून सांगते, वारीत पाणी टँकरमध्ये फारसं बिघडत नाही, टँकरपासून तोंडापर्यंत येताना बिघडतं. टँकर भरण्याच्या ठिकाणी औषध पडतं, तपासणी होते. मग टँकरचा पाइप चिखलात लोळतो. पाणी उघड्या पिंपात पडतं. पिंपात कुणी पेला बुडवतो, पेल्याबरोबर बोटं बुडतात. त्या बोटांवर काय आहे हे त्या माणसालाही ठाऊक नसतं, लाखो माणसं उघड्यावर, मिळेल तिथे आवरून आलेली असतात. त्यात आषाढातल्या पहिल्या सरी वरचं सगळं वाहून विहिरीत आणि ओढ्यात नेतात.

म्हणून वारीत माझा भरवसा क्लोरीनवर आहे. उकळल्याने त्या क्षणी पाण्यातले जंतू मरतात, पण निवल्यावर एक बोट बुडालं की पाणी पुन्हा दूषित. आरओचं तेच. यंत्रातून येताना स्वच्छ असतं, पुढे जार कसा धुतला, झाकण कुणी लावलं, यावर सगळं. क्लोरीन मात्र पाण्यात शिल्लक राहतं आणि नंतर आलेल्या जंतूंनाही मारतं. आपल्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. पाण्याला औषधाचा मंद वास येतो म्हणून लोक तोंड वाकडं करतात, मला तर तो वास आला की जिवात जीव येतो.

टँकरजवळ आरोग्य सेवक किंवा ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक दिसला तर सरळ विचारा, "दादा, ओटी घेतली का?" परीक्षानळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकतात, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. तपासलेलं ते पाणी फेकून द्यायचं असतं. तुमच्यासमोर करून दाखवायला कुणी कंटाळत नाही. विचारणारं कुणी आहे हे पाहून आमच्या माणसांनाही बरं वाटतं.

तुम्ही तुमच्याकडे काय करायचं ते सांगते. नळ असलेले, अरुंद तोंडाचे दोन कॅन घ्या, पाच-पाच किंवा दहा-दहा लिटरचे. संध्याकाळी मुक्कामाला पोचलात की टँकरचं पाणी गाळून कॅनमध्ये भरा. टँकरच्या नळातून पहिलं थोडं पाणी सोडून द्या, पाइपाचं तोंड धुतलं जातं. मग क्लोरीनची गोळी किंवा मेडिक्लोरचे (बाटलीत मिळणाऱ्या क्लोरीनच्या औषधाचे) थेंब. प्रमाण पाकिटावर वाचूनच टाका, कारण गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात, एक गोळी लिटरभर पाण्याला असते आणि तशीच दिसणारी दुसरी वीस लिटरला. टाकल्यावर किमान अर्धा तास झाकून ठेवा. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, कारण गाळ औषध खाऊन टाकतो. रात्री हरिपाठाला बसण्याआधी एवढं केलंत की पहाटे बाटल्या भरायला पाणी तयार असतं. नळाचा कॅन मिळाला नाही तर लांब दांड्याचं ओगराळं न्या. पेला पाण्यात बुडवायचा नाही, हा नियम सासूबाईंपासून नातवापर्यंत सगळ्यांना सारखा.

जारचं पाणी घेतलंत तरी त्यात औषध टाका. लोकांना हे विचित्र वाटतं, फिल्टरच्या पाण्यात कशाला म्हणून. पण त्या जारमध्ये क्लोरीन नसतं आणि तो जार दिवसभर तंबूत उघडा राहणार असतो.

बाटल्यांचे खोके नकोत हे तुमचं बरोबर. अडीअडचणीला दोन-चार बाटल्या ठेवा. घेताना झाकणाची कडी तुटलेली नाही ना, एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक आणि तारीख आहे ना, एवढं पाहा. वापरून झाली की चुरगाळून कचऱ्यात टाका, तशीच पडली की ती पुन्हा भरली जाण्याची भीती.

बाळाचं वेगळं. तिला उकळलेलंच पाणी. क्लोरीनला दाद न देणारे काही परजीवी आहेत, आणि एवढ्या लहान जिवाच्या बाबतीत मला तेवढीही जोखीम नको. वर फलटणच्या माउलींनी थर्मासचं सांगितलं ते अगदी योग्य. पाण्याला खळाखळा उकळी येऊन एक मिनिट जाऊ द्या आणि लगेच थर्मासमध्ये भरा. थर्मास आणि पेजेची वाटी-चमचा आधी त्याच उकळत्या पाण्याने विसळून घ्या. नाचणीसत्त्व शिजवावं लागतं, ते आचाऱ्यांच्या चुलीवर तेवढ्यापुरतं करा आणि ताजंच भरवा, सकाळची पेज दुपारी नको. अंगावरचं दूध मात्र या दिवसांत अजिबात कमी करू नका. त्यासाठी तुम्ही स्वतः भरपूर पाणी प्या. चालणाऱ्या बायका लघवीला जागा मिळणार नाही म्हणून पाणी टाळतात आणि मग चक्कर येऊन आमच्याकडे येतात.

ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या बरोबर हव्यातच. पाकीट जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं घ्या, मोठं पाकीट एक लिटरचं असतं. ते अख्खं पाकीट मोजून एक लिटर स्वच्छ पाण्यात, अंदाजाने अर्धं-मुर्धं पेल्यात नाही. उरलेलं चोवीस तासांनी फेकायचं. दुकानात गोड पेयांच्या खोक्यांवर ओआरएस लिहिलेलं असायचं, एफएसएसएआयने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला मनाई केली. अशा गोड पेयांनी जुलाब वाढू शकतात, तेव्हा पाकिटातली पूडच घ्या. जुलाब सुरू झाले की झिंक डॉक्टरांना विचारून चौदा दिवस द्यायचं, मध्ये बरं वाटलं तरी.

पोर मलूल पडलं, डोळे आत गेले, रडताना पाणी येत नाही, सहा तास लघवी नाही किंवा शौचातून रक्त आलं, तर मुक्कामाची वाट पाहू नका. पालखीबरोबर आरोग्य पथकं असतात, नाहीतर १०८.

ठाण्याची_सून

ताई, तुमचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई नारूचं ऐकून लगेच म्हणाल्या, त्यांच्या मामांना झाला होता, काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढायचे. फडकं आणि गोळी दोन्ही करायचं त्यांनी मान्य केलं. पाण्याचं काम दिरांकडे दिलंय.

दोन शंका राहिल्या. मुलगा औषधाचा वास आला की पाणी थुंकतो, त्याला लिंबू पिळून दिलं तर? आणि जाऊबाईंना पाचवा महिना आहे. डॉक्टरांनी ट्रकमधून जायला हरकत नाही म्हटलंय. त्यांच्यासाठी वेगळं काही?

निवृत्त_आरोग्यसहाय्यिका

लिंबू चालेल, पण अर्धा तास होऊन गेल्यावर, आणि त्याच्या बाटलीपुरतंच. लिंबातलं क जीवनसत्त्व क्लोरीन मारून टाकतं. आधीच पिळलंत तर औषधाचा उपयोग होत नाही. अख्ख्या कॅनमध्ये पिळलंत तर उरलेलं संरक्षण गेलं. ग्लुकोजची पूड, सरबताची पूड, तुळशीची पानं, सगळ्यांना हाच नियम. लिंबू पिळलेली बाटली त्याने लगेच संपवावी, दिवसभर पुरवू नये.

जाऊबाईंबद्दल विचारलंत ते फार बरं केलंत, कारण हे घरोघरी माहीत असायला हवं आणि नसतं. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा एक प्रकार म्हणजे हिपॅटायटिस ई. धडधाकट माणूस त्यातून सहसा बरा होतो. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तो जिवावर बेतू शकतो. आणि तो पाण्यातून पसरतो तेव्हा शहर असो की गाव, हजारो लोकांना गाठतो. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं आणि काविळीची मोठी साथ आली, तीही याचीच होती हे पुढे कळलं.

म्हणून जाऊबाईंना बाळाप्रमाणेच उकळून निवलेलं पाणी, त्यांच्या स्वतःच्या बाटलीतून, वरून प्यायचं. ती बाटली दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. कच्ची कोशिंबीर, कापून ठेवलेली फळं, बर्फ, पाणीपुरी या दिवसांत बंद. ट्रकमध्ये त्यांच्या हाताशी साबण ठेवा. आणि परत आल्यावर महिना-दीड महिन्यात डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, जेवणावरची वासना गेली, तर वारीची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. ही कावीळ लगेच दिसत नाही, आठवडे जातात, आणि तोवर पाण्याचं कुणाच्या लक्षातही राहत नाही.

दिरांना माझा निरोप द्या, काम महत्त्वाचं आहे. आणि स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावर विश्वास ठेवू नका म्हणावं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या गुइलेन-बॅरे आजाराचे, रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि पाण्याच्या तपासण्या सुरू झाल्या. हा जंतू पाण्यात असला तरी पाणी गढूळ दिसत नाही.

लोणंदकर

आमच्या गावात तुम्ही येणार म्हणून लिहितोय. वाटेवर पाणी-सरबत देणाऱ्यांपैकीच आम्ही एक. आमच्या आळीतली पोरं ताक आणि सरबत वाटतात. ताईंनी सांगितलं ते वाचून आज रात्री मंडळात बोलणार आहे, यंदा पिंप आणि पेला बंद, नळाचे कॅन आणि शेजारी हात धुवायची बादली. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मागून घेऊ.

नाही कसं म्हणायचं विचारलंत. आम्हाला राग येत नाही. "माउली, लेकराचं पोट नाजूक आहे" एवढं म्हटलं की समोरचा स्वतःच केळं काढून देतो. केळं सोलून खायचं, त्याला पाणी लागत नाही. उकळता चहा घ्या, राजगिऱ्याचा बांधलेला लाडू घ्या. कुणी जास्तच आग्रह केला तर पाण्याने पाय धुऊ द्या, त्यात आमचं समाधान होतं.

सरबतात बर्फ असेल तर नको म्हणा. खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंगवावा असा अन्न व औषध प्रशासनाचा आदेश २०१८ साली निघाला आहे. मासे-भाज्या गार ठेवायचा बर्फ सरबतात जाऊ नये म्हणून तो. पण पांढरा बर्फ दिसला म्हणून तो चांगल्या पाण्याचाच असेल याची खात्री मीही देणार नाही. आमच्याकडे यंदा बर्फाशिवाय सरबत ठेवू.

नीरा स्नानाच्या दिवशी मुलाकडे जास्त लक्ष ठेवा. पादुकांना स्नान घालतात तेव्हा सगळे नदीत उतरतात, लहान मुलं खेळता खेळता पाणी गिळतात. घोटाभर पाण्यात उभं करा, डोक्यावर चार थेंब शिंपडा आणि बाहेर आल्यावर खाण्याआधी साबणाने हात.

लोणंदला पोचलात की इथेच लिहा. कॅन घासायला आणि बाळाच्या थर्मासला उकळतं पाणी द्यायला आमच्या घरची चूल आहे.

ठाण्याची_सून

दादा, नक्की लिहीन. आणि ताई, गोळ्या आणल्या. पाकिटावर एक गोळी वीस लिटरला असं छापलंय आणि आमचे कॅन दहाचे आहेत. अर्धी करून टाकू का?

निवृत्त_आरोग्यसहाय्यिका

अर्धी करू नका, हाताने नीट मोडत नाही आणि चुरा उरतो तो ओल धरून वाया जातो. औषधाच्या दुकानात लिटरच्या किंवा दहा लिटरच्या हिशोबाच्या गोळ्या मागा. मिळाल्या नाहीत तर मेडिक्लोरची छोटी बाटली घ्या, थेंब कॅनच्या मापाने मोजता येतात. मुदतीची तारीख बघा, बाटली उन्हात ठेवू नका आणि मुलाच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा.